भांडून घर बघणारी अक्काताई

ही बाई माझ्या डोक्यात जाते, हे आधीच सांगून टाकतो. जयसिंगपूरची अक्काताई. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं वाळकी, आवाज मात्र चार माणसांचा. आमच्या शेजारचं घर बघायला म्हणून ती आली आणि बघता बघता सगळ्या कॉलनीची लाडकी झाली. माझी बायको झुंबरबाईसुद्धा तिचं कौतुक करते, तेही नेमकं मी जेवायला बसलो की. म्हणून म्हटलं, ही बाई मुळात कशी आहे ते कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे. आणि ते काम माझ्याइतकं मनापासून दुसरं कुणी करणार नाही.

मी गणपतराव. महाद्वार रोडला माझं साड्यांचं दुकान होतं, आता ते मुलगा आदर्श बघतो. साडीच्या धंद्यात एक गोष्ट शिकावीच लागते. समोरची बाई ढीगभर साड्या उलगडायला लावून एकही न घेता उठली, तरी "परत या वहिनी, नवीन माल येतोय" असंच म्हणायचं. मनात काय येतं ते मनातच ठेवायचं. ही सवय माझ्या अंगात इतकी मुरली, की घरात, पाहुण्यांत, गल्लीत मी कधी आवाज चढवला नाही. कळंब्याला प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हापासून "गणपतराव म्हणजे देवमाणूस" हे मी माझ्या कानांनी ऐकत आलो होतो. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरं वाटायचं.

शेजारी आकाराम. दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. आज मुंबई, उद्या परत. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची बायको मालन आजारानं गेली, मुलगी राधानगरीकडं दिलेली. निवृत्त झाल्यावर त्यानं ठरवलं, हे घर विकायचं, लेकीजवळ गावाकडं जायचं आणि दोन म्हशी पाळायच्या. तो गाडीवर असायचा त्या दिवसांपासून त्याच्या घराची एक किल्ली आमच्या स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला असायची. सगळी कॉलनी सोडून त्यानं ती माझ्याकडं ठेवली होती.

ते घर मला आदर्शसाठी हवं होतं. मध्ये फक्त कंपाउंडची भिंत, ती काढून दोन्ही घरं एक करता आली असती. मधल्या कंपाउंडचं तर सगळं मीच बघितलं होतं. आकाराम तिकडं मुंबईच्या वाटेवर, गवंडी माझा, सिमेंट माझं. बांधताना दोरी जराशी तिकडं सरकली असेल. त्या जागेत मी पुढं गाडीची शेड मारली. आकारामनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. शेजारी शेजारी राहायचं म्हणजे असं थोडं इकडंतिकडं होतंच.

भाव मात्र आकाराम जो सांगत होता तो मला मान्य नव्हता. म्हणून मी घाई केली नाही. घर बघायला जी जी मंडळी आली, त्यांना मी हाक मारून चहाला बोलावलं. शेजारी म्हणून आपलं कर्तव्यच आहे ते. चहा पिता पिता मी काळजी व्यक्त करायचो. तळं जवळ, डास फार, लहान मुलं आहेत का तुमच्यात? कागदपत्रं नीट बघून घ्या, माझ्या कानावर तसं काही नाही, पण हल्ली कुणाचा भरवसा द्यावा? आणि जाता जाता, मालन बिचारी या घरात आल्यावरच आजारी पडली, तोवर ठणठणीत होती. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. मंडळी चप्पल घालून जायची ती परत यायची नाहीत. मग संध्याकाळी मी आकारामच्या कट्ट्यावर बसून त्याच्याबरोबर हळहळायचो. शेवटी कंटाळून त्यानं शब्द दिला की गणपतीपर्यंत कुणी आलं नाही, तर तुमच्या भावात तुम्हीच घ्या. मी म्हणालो, आकाराम, माझी तर इच्छा आहे की तुला चांगलं गिऱ्हाईक मिळावं.

अशात आषाढात, आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळत असताना अक्काताई उगवली. बरोबर तिची भाची दीपा आणि दीपाचा नवरा पारस. दोघंही इथं नोकरीला, जयसिंगपूरहून जाऊन-येऊन वैतागलेले. एवढ्या पावसात घर बघायला कोण येतं? नंतर कळलं की ती मुद्दामच असा दिवस धरून आली होती. उन्हाळ्यात सगळीच भिंत कोरडी दिसते, असं तिचं म्हणणं.

तिनं ते घर कसं तपासलं, ते काही मी माझ्या गच्चीवरून छत्री धरून बघितलं, काही नंतर आकारामनं सांगितलं. पाणी कुठं तुंबतंय ते बघत ती गच्चीवर भर पावसात उभी राहिली. खाली येऊन आकारामचं लोखंडी कपाट पारसकडून सरकवून घेतलं आणि मागच्या भिंतीवर हात फिरवला. रंग ताजा आहे का म्हणून नखानं खरवडलं. सगळे नळ एकदम सोडले, संडासात पाणी ओतलं, दारं लावून बघितली, मीटरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघितला. सातबारा, बिगरशेतीचा आदेश, बांधकामाची परवानगी, घरफाळ्याच्या पावत्या, सगळं मागून घेतलं आणि पारसला सांगितलं की वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च काढून आण, बँकेचा बोजा उतरलाय म्हणतो तो सातबाऱ्यावरून उतरलाय का ते बघ. आकाराम बिचारा हो हो करत मागं फिरत होता. स्वतःच्या घरात त्याला चोरासारखं करून ठेवलं या बाईनं. आणि चहा विचारला तर नको म्हणाली, पिशवीतनं स्वतःचं गाळलेलं पाणी काढून प्याली.

सगळं तपासून कुणीही शहाणा माणूस घरी गेला असता. ही बाई रस्त्यावर आली आणि भांडायला लागली.

मागच्या घरात धोंडुबाई राहते. कुणाचं कुत्रं भुंकलं तरी कंबर कसून बाहेर येणारी बाई. अक्काताईनं तिच्या दारासमोर उभं राहून विचारलं की तुमचं सांडपाणी इकडं का सोडलंय. घर अजून घेतलेलं नाही, कागदाला हात लागलेला नाही, आणि ही सांडपाण्याचा हिशेब विचारते. धोंडुबाई पदर खोचून आली. दोघींचं असं जुंपलं की चार घरांच्या खिडक्या उघडल्या. धोंडुबाईनं अक्काताईच्या सात पिढ्या काढल्या, मग स्वतःच खराटा घेऊन गटारातला पाला काढला आणि दार आपटून आत गेली. अक्काताई परत आली ती खुशीत. दीपाला म्हणाली, "ही बाई चांगली हाय. हिच्या शेजारी राहता येतंय."

मग माझी पाळी. मी गेटजवळच होतो. माझ्या आंब्याची फांदी कंपाउंडवरून तिकडं जाते, त्यावरून तिनं सुरुवात केली. मी हसून म्हणालो, अगदी खरं आहे तुमचं, उद्याच माणूस बोलावून छाटतो. ती म्हणाली, आजपर्यंत का छाटली नाही? मी म्हणालो, चुकलंच आमचं. तिनं माझ्या शेडच्या पत्र्यावरनं पडणाऱ्या पाण्याचा विषय काढला, माझ्या गाडीच्या हॉर्नचा काढला, शेवटी माझ्या दुकानातल्या साड्यांचा रंग जातो असंही म्हणाली. तळपायाची आग मस्तकात गेली, पण चेहऱ्यावरची रेघ मी हलू दिली नाही. तुम्ही दमलाय, आत या, पाय पुसा, चहा घ्या, एवढंच म्हणालो. ती बोलायची थांबली. माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली आणि निघून गेली. मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी दीपा एकटीच आली, तेव्हा मी तिला चहाला बोलावलं आणि हळूच म्हटलं की मावशींचा स्वभाव जरा तापट दिसतो. पोरगी भोळी. तिनं सगळं सांगून टाकलं.

अक्काताईचा नवरा जिनपाल, जयसिंगपूरला भुसाराचा व्यापारी. पेठेतल्या बोळात त्यांचं घर. घेताना सगळी कागदपत्रं चोख होती. शेजारी फार गोड माणूस. सणावाराला खिरीची वाटी पाठवायचा, जिनपालला दादा म्हणायचा, आणि दरवर्षी बोळात थोडं थोडं पुढं सरकायचा. आधी पायरी, मग न्हाणीची भिंत, मग जिना. अक्काताई म्हणायची बोला, जिनपाल म्हणायचा, एवढा गोड बोलतो माणूस, त्याला कसं बोलायचं? जिनपाल गेला त्या दिवशी तिरडी त्या बोळातनं सरळ निघेना. तिरकी करून काढावी लागली. आणि पुढं खांदा द्यायला तोच शेजारी होता, डोळे पुसत.

त्यानंतर नात्यात कुणीही घर घ्यायला निघालं की अक्काताई बरोबर जाते. कागद बघते, भिंत बघते आणि शेवटी शेजाऱ्याशी भांडते. जो तोंडावर भांडतो त्याच्याशेजारी घर घ्यायचं; जो हसतो त्याच्याशेजारी नाही. तिनं असे किती घरांचे सौदे मोडले याची गणती नाही. इथलंही घर तिला पसंत होतं, आकारामही पसंत होता. अडलं होतं फक्त माझ्यापाशी. दीपा ओशाळून म्हणाली, "मावशी म्हणत्यात, शेजारी अजून बोललेला न्हाय. त्यो बोलल्याबिगर इसार द्यायचा न्हाय."

वाईट वाटलं मला जिनपालचं, नाही असं नाही. पण चहाचा कप खाली ठेवता ठेवता माझ्या लक्षात आलं, की मला काहीच करायचं नाही. फक्त गोड बोलत राहायचं. गणपती फार लांब नव्हते. मी तोंड उघडलं नाही, की घर माझं.

मग जे सुरू झालं त्याला युद्धच म्हटलं पाहिजे. अक्काताई दर शनिवारी यायची आणि माझ्या गेटसमोर उभी राहायची. मला चिंगूस म्हणाली, ढोंगी म्हणाली, झुंबरबाईच्या देखत माझ्या टकलावर बोलली. जैनांच्या नेमाप्रमाणं दिवस मावळायच्या आत तिला जेवायचं असतं, म्हणून संध्याकाळी भांडण अर्ध्यावर सोडून पारसच्या गाडीत बसायची आणि पुढच्या शनिवारी त्याच वाक्यापासून पुढं सुरू करायची. मी हात जोडून उभा. एकदा तर मी तिला देवळातला नारळ दिला. झुंबरबाई आत जाऊन पदर तोंडाला लावून हसायची, ते मला दिसत होतं. रात्री मला झोप लागत नव्हती. दात इतके आवळले जायचे, की दाढ दुखायला लागली. पण बोललो नाही.

शेवटी बाईनं सरळ डाव टाकला. आकारामला म्हणाली, घ्यायचं की नाही ते नंतर, आधी सरकारी मोजणी आण. आकाराम म्हणाला, आणतो की, त्यात काय. लगतचा धारक म्हणून मला नोटीस आली. मी सही करून दिली आणि मोजणीवाल्यांसाठी पोहे करायला सांगितले.

गणपतीच्या तोंडावर आलेल्या मोजणीच्या दिवशी ऊन पडलं होतं. कॉलनीतली निम्मी माणसं जमली. धोंडुबाई तर खुर्ची घेऊनच आली. मोजणीवाल्यांनी त्यांची यंत्रं लावली, कोपऱ्यावरचे दगड शोधले, नकाशा बघितला, परत मोजलं. मग त्यांतला एकजण माझ्या गेटमधून आत आला आणि माझ्या शेडमध्ये, माझ्या गाडीच्या दाराजवळ, त्यानं हद्दीची खूण केली.

सगळ्यांनी ती वाकून बघितली. मी वाट बघत होतो की आता ही बाई आकाशपाताळ एक करणार. त्याची माझी तयारी होती. हसायचं आणि म्हणायचं, अरेरे, गवंड्यानं घोळ केला वाटतं, बघू सवडीनं.

अक्काताई ओरडली नाही. ती माझ्याजवळ आली, मान थोडी वाकडी केली आणि हळू, मऊ आवाजात म्हणाली, "असू द्या हो गणपतराव. दोरी सरकली आसंल जराशी. काळजी वाटती म्हणून म्हटलं, एवढंच. या, च्या घ्या आमच्यासंगं."

माझा आवाज होता तो. माझे शब्द, माझी मान, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून कमावलेलं माझं हसू, सगळं त्या वाळक्या म्हातारीच्या तोंडावर. लोक हसले. धोंडुबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली. आणि मग मला कळलंच नाही की माझं तोंड कधी उघडलं.

"माझी हाय ती जागा," मी ओरडलो. "ह्यो टँकरवर हिंडत हुता, भित्ताड मी बांदलंय. आणि ह्ये घरबी माझंच हुनार हुतं. आलेली गिऱ्हाइकं काय आपसुक माघारी गेली व्हय? मालनचं दुखणं सांगितलं की पायरीवरनंच पळायची. दीपा, पारस, तुमीबी पळाला असतासा, ही म्हातारी आडवी आली नसती तर."

चाळीस वर्षं मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांशी शुद्ध बोलून घासलेली जीभ एका मिनिटात गावाकडं पोचली. माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता. तो थांबला तेव्हा आंब्यावरचे कावळेसुद्धा उडून गेले होते.

आकाराम मोजणीवाल्यांच्या मागं उभा होता. तो पुढं आला. रागावलेला दिसत नव्हता. तसा दिसला असता तर बरं झालं असतं.

"मालनचं नाव घेटलासा?" तो म्हणाला. "रोज सांजचं माझ्या कट्ट्यावर बसून, गिऱ्हाईक का यीना म्हणून माझ्यापेक्षा जास्त हळहळत हुतासा की, गणपतराव." मग त्यानं हात पुढं केला. "किल्ली द्या माझी."

मी जागचा हललो नाही. झुंबरबाई आत गेली, खिळ्यावरची किल्ली काढून आणली आणि माझ्या अंगावरून हात लांब करून त्याच्या तळहातावर ठेवली. अक्काताईनं पिशवीतनं पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि भाचीला म्हणाली, "दीपा, दे आता इसार. शेजारी बोलाय लागला."

पुढं काय व्हायचं ते झालं. भिंत पाडली गेली आणि मोजणीच्या खुणेवर परत बांधली गेली, शेड निम्मी कापली. माझी गाडी आता अर्धी पावसात असते. आकाराम जाताना कॉलनीत घरोघर पेढे देऊन गेला. आमचं घर त्यानं वगळलं नाही. पेढे झुंबरबाईच्या हातात दिले, तब्येतीला जपा म्हणाला, आणि मी दारात उभा असताना माझ्याकडं न बघता शेजारून निघून गेला.

दीपा-पारस राहायला आले. अक्काताई महिन्यातून एकदा येते आणि आल्या आल्या गेटवरून ओरडते, "गणपतराव, हायसा व्हय अजून?" मी आतूनच ओरडतो, "तुला पोचवूनच जानार हाय." लोकांना वाटतं आमचं आता जमलं. झुंबरबाई म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात माणूस असल्यासारखं वाटतंय. म्हणू दे. मला ती बाई आवडत नाही, आवडणार नाही, आणि तिची पद्धत तर मुळीच पटत नाही. माणसाला इतकं डिवचलं तर कोण बोलणार नाही?

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. दीपा आणि पारस दोघंही सकाळी कामाला जातात, एक जास्तीची किल्ली कुणाकडं तरी ठेवावी लागते. सगळ्यांत जवळचं घर आमचं आहे, दार उघडलं की शेजारीच. ज्या दिवशी त्यांनी नवीन कुलूप बसवलं, त्या दिवशी अक्काताई किल्ली हातात घेऊन बाहेर पडली. मी गेटशीच होतो. हात पुढं केला नाही, पण मागंही नव्हता. ती माझ्यासमोरून गेली, कोपऱ्यावरून वळली आणि धोंडुबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. किल्ली कुठं अडकवायची यावरून दोघींचं भांडण लगेच सुरू झालं, ते मला स्वयंपाकघरात बसून स्पष्ट ऐकू येत होतं.

आमच्या दाराजवळचा तो खिळा अजून आहे. झुंबरबाई त्यावर आता चहाचं गाळणं अडकवते.